वालीवचे पगारवाले सर

वसईजवळच्या वालीवला आमच्या गाळ्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात लोकरीची कानटोपी होती. भर मे महिन्यात. टोपी डोक्यावर नव्हती; मांजराचं पिल्लू धरावं तशी दोन्ही हातांत अलगद धरलेली होती. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी विचारलं, "इथे लोहचुंबक कुठे कुठे आहेत?"

मी नुकतीच बी.कॉम. होऊन अकाउंट्सला लागले होते. विरारला फुलपाड्यात राहायचे. कामाच्या ठिकाणी कोण काय विचारेल याची मनाची तयारी करून आले होते, पण लोहचुंबकाची नव्हती.

"टोपीत फ्लॉप्या आहेत," ते म्हणाले. "चुंबकाजवळ गेल्या की सगळं विसरतात. मागे एका कारखान्यात साठ लोकांचा पगार विसरल्या. मला त्या लोकांच्या तोंडाकडे बघवेना."

आमच्या गाळ्यात स्टीलच्या बिजागऱ्या आणि कड्या बनायच्या. मालकांना सगळे दादा म्हणत. खाडीकाठच्या शेतकरी घरातले. तरुणपणी दुसऱ्याच्या कारखान्यात बफिंग केलेलं, म्हणजे फिरत्या चाकावर धातू घासून घासून चकचकीत करायचं काम. पुढे स्वतःचा गाळा घेतला, तरी आपण मुळात बफिंगवाले आहोत हे ते पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबरच सांगायचे. दादांनी हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला होता. तो आल्यापासून त्याच्यावर क्रोशाचं झाकण घालून, हार वगैरे चढवून ठेवला होता, आणि पगार मात्र मी हातानेच काढत होते. मस्टरवरचे हजर-गैरहजर मोजायचे, ओव्हरटाइम लावायचा, उचल वजा करायची, आणि शेवटी बेरीज जुळली नाही की पुन्हा वरपासून. महिनाअखेर जवळ आली की माझं जेवण जात नसे. म्हणून दादांनी कुणाकडून तरी कळल्यावर या गृहस्थांना बोलावलं होतं. ते छोट्या छोट्या कारखान्यांसाठी पगाराचे प्रोग्राम लिहायचे. कॉम्प्युटर येणाऱ्या कुठल्याही माणसाला त्या काळी सर म्हणायची पद्धत होती, तसे तेही सर झाले.

दादांनी क्रोशाचं झाकण स्वतःच्या हाताने काढलं आणि म्हणाले, "बसा सर. सुरू करा."

"आत्ता नाही," सर म्हणाले. "आधी घड्याळ दाखवा."

भिंतीवरचं आमचं घड्याळ पुढे होतं. सरांनी पँटच्या खिशातून मूठभर स्वस्तातली मनगटी घड्याळं काढली. प्रत्येकाला बांगडीच्या दुकानात असते तशी कागदाची चिठ्ठी बांधलेली. त्यातलं कोऱ्या चिठ्ठीचं एक घड्याळ निवडून त्यांनी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं आणि चिठ्ठीवर गाळ्याचा नंबर लिहिला. मी विचारलं, हे कशाला. तर म्हणाले, "वालीवला प्रत्येक गाळ्याची वेळ वेगळी आहे. मालक काटा मागे करतो, कामगार पुढे करतात, मधे कुठेतरी तो थांबतो. रेडिओवर काय वाजले याच्याशी आपल्याला घेणं नाही. पगार त्या घड्याळावर चालतो." त्यांच्या खिशातून कायम टिकटिक यायची. रिक्षात शेजारी बसलेला माणूस एकदा घाबरून मधेच उतरला होता, असं ते मोठ्या अभिमानाने सांगत.

त्यानंतर बरेच दिवस सरांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. ते नुसते गाळ्यात फिरत. पत्रा कापायच्या प्रेसवर बसणाऱ्याशी गप्पा मारत, पॅकिंगमधल्या बायकांच्यात बसून भेळ खात, बफिंगच्या परब मिस्त्रींबरोबर विडी न ओढता विडीच्या सुट्टीला बाहेर उभे राहत. दादा कासावीस झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा मानूस कोन आहे गं? प्रोग्राम लिहिनार का इथंच लग्न करून राहनार?"

पण प्रोग्राम लिहिला, आणि तो असा लिहिला की मस्टरमध्ये 'गैरहजर' एवढंच न येता त्याची कारणंही यायला लागली. 'टँकर' असं एक कारण होतं. आमचे निम्मे लोक नालासोपारा-विरारच्या नव्या बिल्डिंगांत राहायचे आणि पाण्याचा टँकर सकाळी कधी येईल याचा नेम नसायचा. त्याखाली 'साखरपुडा' होतं, 'गावाहून पाहुणे' होतं, 'मॅच' होतं.

"मॅच कशाला?" दादा भडकले.

"नाहीतर त्या दिवशी सगळ्यांच्या आज्या वारतात," सर शांतपणे म्हणाले. "उगाच म्हाताऱ्यांना कशाला मारायचं? खरं कारण लिहिणाऱ्याला अर्धी रजा द्या. बघा तरी."

दादांनी कुरकुरत मान्य केलं. पुढच्या मॅचला अर्धा गाळा रिकामा होता, पण कोण येणार नाही हे आदल्या दिवशीच कळलेलं असल्याने दादांनी प्रेस बंद ठेवून ऑइलिंग करून घेतलं आणि दुपारनंतर स्वतःही मॅच बघितली. महिन्याच्या शेवटी कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने मालकाच्या नावासमोरही 'मॅच' छापलं. ते सरांचंच काम होतं, पण त्यांनी शपथेवर नाकारलं.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. सरांनी आत कसलंसं कार्ड बसवून मराठी उमटेल अशी सोय केली होती. प्रिंटर सुरू झाला की त्याचा किर्र आवाज पार प्रेसपर्यंत जायचा आणि लोक हात पुसत यायचे. सरांचं एक म्हणणं होतं. ते म्हणत, "पगाराची चिठ्ठी हे एकच लिखाण असं आहे जे माणूस शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करतो. त्यामुळे लेखकाने शेवटी काहीतरी चांगलं लिहावं." म्हणून हातात मिळणाऱ्या रकमेच्या खाली ते दर महिन्याला एक ओळ छापत. 'छत्री दुरुस्त करून घ्या.' 'या महिन्यात कुणालाही उसने देऊ नका, मलासुद्धा.' एकदा नुसतंच, 'बरे दिसताय.' त्या दिवशी पॅकिंगच्या बायकांनी एकमेकींना चिठ्ठ्या दाखवल्या आणि सगळ्यांनाच तेच छापलंय हे कळल्यावर खूप हसल्या, पण चिठ्ठी कुणीही टाकली नाही.

पहिल्याच महिन्यात मात्र भानगड झाली. पॅकिंगची मुख्य होती फिलोमिना. जवळच्याच गिरीज गावच्या वाडीवाल्या घरातली, अंगापिंडाने मजबूत, लग्न न झालेली, आणि तिच्या परवानगीशिवाय आमच्याकडचं एक खोकंही गाळ्याबाहेर जात नसे. तिचं पूर्ण नाव फिलोमिना बस्त्याव घोन्सालवीस. सरांनी नावासाठी जेवढी जागा ठेवली होती तेवढ्यात ते मावेना. कॉम्प्युटरने छापलं, 'फिलोमिना बस्त्याव घो'.

परब मिस्त्री मालवणचे. आणि मालवणीत घो म्हणजे नवरा. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि बफिंगचं चाक बंद करून ओरडले, "ऐकलात काय रे, फिलोमिनाक घो गावलो. बस्त्याव नाव असा."

अख्खा गाळा हसून लोळला. बस्त्याव हे तिच्या वडिलांचं नाव होतं, त्यामुळे ती तशीच सरळ माझ्या टेबलाशी आली. सर तिथेच होते. तिने चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. "हे माझं नाव नाय. पूर्ण नाव येईपर्यंत मी सही करणार नाय न् पगार घेणार नाय."

"पगार बरोबर आहे पण," मी म्हटलं.

"पगार बरोबर आहे तर तो त्या घोवाल्या बाईला द्या. मी तिला ओळखत नाय."

दुसरा कुणी असता तर हाताने पुढची अक्षरं लिहून मोकळा झाला असता. सरांचा चेहरा मात्र पडला. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चुकलं. मी जागा माझ्या नावाच्या मापाने ठेवली." मग त्यांनी टोपीतून फ्लॉपी काढली आणि सगळा दिवस बसून प्रत्येकाच्या नावाची जागा लांबवली. संध्याकाळी प्रिंटर सुरू झाला. सगळे गोळा झाले. चिठ्ठीवर नाव आलं, अगदी 'घोन्सालवीस'मधल्या शेवटच्या 'स'सकट. फिलोमिनाने ती उजेडात धरून वाचली. मग उलटी करून पाठीमागे बघितली.

"नाव आहे," ती म्हणाली. "पगार कुठे आहे?"

नावं लांबली होती आणि आकडे कागदाच्या बाहेर गेले होते. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर सुंदर पूर्ण नावं आणि पगाराच्या जागी पांढराशुभ्र कागद. सर्वांत आधी सर स्वतः हसायला लागले. ते हसायला लागले की खिशातली घड्याळंही हलायची. त्यांना थांबवता येईना. फिलोमिना थोडा वेळ रागाने बघत राहिली आणि मग तीही हसली. मला वाटतं त्या दिवसापासून ती सरांना अरे-तुरे करायला लागली. पुढे दादाही करायला लागले; गाळ्यात तिसऱ्या कुणी ते धाडस केलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला, आणि सरांनी तोही टोपीतच ठेवला. हिरवी अक्षरं जाऊन रंगीत पडदे आले. प्रत्येक नवी गोष्ट आली की ते एखाद्या लहान मुलाला खेळणं मिळावं तसे हरखायचे, मग ती त्यांच्याच पोटावर येणारी का असेना.

मग दादा एका प्रदर्शनातून बोटाचं मशीन घेऊन आले. बोट टेकवलं की हजेरी लागणार, ती थेट सरांच्या प्रोग्राममध्ये जाणार, मस्टर कायमचं बंद. दसऱ्याला मशीनची पूजा झाली, हळदकुंकू लागलं, पेढे वाटले. मशीनमध्ये एका बाईचा आवाज होता. बोट ओळखलं की ती म्हणायची 'थँक यू', आणि नाही ओळखलं की 'प्लीज ट्राय अगेन'.

पॅकिंगच्या बायकांना तिने थँक यू म्हटलं. मलाही म्हटलं. मग बफिंगचे लोक आले. परब मिस्त्रींनी बोट ठेवलं. प्लीज ट्राय अगेन. दुसरं बोट ठेवलं. प्लीज ट्राय अगेन. त्यांच्या मागचा आला, त्याच्या मागचा आला. चाकावर वर्षानुवर्षं स्टील घासून त्यांच्या बोटांवरच्या रेघा पार गेल्या होत्या. बोटं हिऱ्यासारखी गुळगुळीत. मशीन तरी काय ओळखणार?

सरांनी सगळे उपाय करून पाहिले. रात्री खोबरेल तेल लावून झोपा, म्हणाले. लोक झोपले. लिंबू चोळलं, तांदळाचं पाणी लावलं. फिलोमिनाने सगळ्यांना सकाळी मेणबत्तीच्या कोमट मेणात बोटं बुडवायला लावली. सर रांगेशेजारी उभे राहून एकेकाच्या बोटावर फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "हळू टेकवा. तिला बिचकवू नका." ती बाई आपली प्लीज ट्राय अगेन म्हणत राहायची. बफिंगची पोरं काम करताना तिच्या चालीत गायला लागली. घरी बायकोच्या हातून भाजीत मिरची जास्त पडली तर मी प्लीज ट्राय अगेन म्हणतो, असं एकाने सांगितलं, आणि ते ऐकून त्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी डबाच दिला नाही.

महिना संपला तेव्हा हसू मावळलं. प्रिंटर किर्रकिर्रला आणि बफिंगच्या एकूण एक माणसाच्या चिठ्ठीवर हजर दिवस शून्य, पगार शून्य. त्याखाली सरांनी त्या महिन्यासाठी आधीच टाकून ठेवलेली ओळ छापून आली, 'असेच नियमित येत राहा.'

परब मिस्त्रींनी ती वाचली. ओरडले नाहीत. चिठ्ठीची घडी घालून दादांच्या केबिनमध्ये गेले, आणि मागोमाग सगळे बफिंगवाले. नाताळ तोंडावर होता, एक मोठी ऑर्डर अर्धी पडून होती. मी आणि सर दारात उभे.

"दादा, आम्ही रोज आलेलो आहोत. तुमी बघितलंय," परब म्हणाले.

दादांनी मशीनसाठी भरपूर पैसे मोजले होते आणि ते फुकट गेले असं कुणापुढे कबूल करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "मी बघितलंय. पन मशीन खोटं कशाला बोलेल? तिला काय तुमच्याशी वैर आहे? एकदा मशीनवर चालायचं ठरलं ना, मग मशीनवर."

"तर मग उद्यापासून चाक मशीनच फिरवेल," परब म्हणाले आणि वळले.

"थांबा," सर म्हणाले. मी त्यांना इतकं गंभीर कधी बघितलं नव्हतं. "दादा, तुम्ही बफिंगवाले. तुमचं बोट लावून बघा. तुम्हालाही तिने ओळखलं नाही तर मशीन आमच्या कामाचं नाही, एवढं मान्य करा."

दादांचा चेहरा एकदम उजळला. त्यांना यातून सुटायला वाट मिळाली होती, आणि तीही मानाची. "माझं? माझं तर अजिबात नाय लागनार," म्हणत ते बाह्या सरसावत बाहेर आले. "मी जेवढं बफिंग केलं तेवढं यांच्यातल्या एकानं नाय केलं."

सरांनी त्यांचं बोट नोंदवून घेतलं. दादांनी सगळ्यांकडे बघत अंगठा टेकवला.

"थँक यू," मशीन म्हणालं.

दादांनी अंगठा शर्टाला पुसला, पुन्हा टेकवला. थँक यू. दुसऱ्या हाताचा नोंदवला. थँक यू. ती बाई इतक्या आनंदाने म्हणत होती की ऐकवेना. दादांनी अंगठा डोळ्यांजवळ नेला आणि बघत राहिले.

"रेघा परत इल्यो," परब मिस्त्री हळूच म्हणाले.

दादांनी खुंटीवरचं परबांचं जाड एप्रन काढलं, अंगात चढवलं आणि चाकासमोर जाऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं थोडा वेळ करतील. ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. जेवले नाहीत. कडी घ्यायची, चाकाला लावायची, ठिणग्यांसारखी काळी धूळ उडायची. नखापासून भुवयांपर्यंत काळे झाले. परब मधून मधून जाऊन त्यांचा कोपर नीट धरून देत होते. भोंगा झाल्यावर दादा तसेच मशीनपाशी आले. सगळा गाळा पाठीमागे. त्यांनी अंगठा टेकवला.

"थँक यू."

"हिला सांग गप बस," दादा सरांना म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि स्वतःच खो-खो हसायला लागले. काळ्या तोंडात पांढरे दात. हसता हसता मला म्हणाले, "सगळ्यांचा पूर्ण पगार काढ. हातानं काढ. आनि यांचं काय ते लवकर जमव रे सर, नायतर मी ते मशीन खाडीत टाकीन."

ते कसं जमलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी ऑफिसात आले तर सर माझ्या टेबलावर चढून, भिंतीला धरून, एका पायावर उभे होते. दुसरा अनवाणी पाय वर मशीनला लावलेला. त्याआधी कोपर, हनुवटी आणि नाक लावून झालं होतं, असं नंतर कळलं.

"थँक यू," मशीन म्हणालं.

सर टेबलावरून पडता पडता वाचले. पायाच्या अंगठ्यालाही रेघा असतात. बफिंगवाले पायाने काही घासत नाहीत.

मशीन भिंतीवरून काढून खाली घोट्याच्या उंचीवर बसवलं. पण परब मिस्त्री अडून बसले. ज्याला दसऱ्याला हळदकुंकू लावलं त्याला पाय लावायचा? ते त्यांना काही पटेना. सर त्यांच्याशी बराच वेळ बोलले. शेवटी असं ठरलं की आधी चप्पल काढून पायाचा अंगठा टेकवायचा, मग वाकून मशीनला हात लावायचा आणि तो कपाळाला लावायचा. शिवाय पगाराच्या चिठ्ठीवर त्या महिन्यापासून कायमची एक ओळ आली, फक्त बफिंगवाल्यांसाठी. 'पाय लागला, माफी असावी.'

रोज सकाळी आठ वाजता, आमच्या घड्याळाचे आठ, चपला काढून माणसांची रांग लागायची. तोल जाऊ नये म्हणून प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. पाय वर, थँक यू, वाकून नमस्कार, पुढचा. एकदा दिल्लीचे एक व्यापारी माल बघायला आले ते नेमके त्याच वेळी. त्यांनी क्षणभर पाहिलं, आणि काही न विचारता बूट-मोजे काढून रांगेच्या शेवटी उभे राहिले. दादांना त्यांना थांबवायचंही सुचलं नाही. त्यांचा नंबर आला, त्यांनी भक्तिभावाने पाय लावला आणि नमस्कार केला.

"प्लीज ट्राय अगेन," मशीन म्हणालं.

"मुझे मना क्यों किया?" त्यांनी हिरमुसून विचारलं. सर पुढे होऊन म्हणाले, "पहली बार सबको मना करती है." व्यापाऱ्यांनी ऑर्डर दिली, आणि जाताना मशीनला लांबूनच पुन्हा हात जोडले.

हेही दिवस सरले. बँकेने सगळ्यांची खाती उघडून दिली. दादांच्या सीएने सांगितलं की आता पगाराचं सगळं त्यांच्या ऑफिसातून इंटरनेटवर होईल. कारखान्याने फक्त हजेरी पाठवायची, पैसे आपोआप खात्यात. वालीवच्या बाकीच्या गाळ्यांतही तेच चाललं होतं. सरांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. उलट पहिला पगार खात्यात पडणार त्या दिवशी मुद्दाम आले आणि दादांना म्हणाले, "थोडा वेळ सगळी मशिनं बंद करा. मला ऐकायचंय." गाळा गप्प झाला. सगळ्यांनी मोबाइल टेबलांवर ठेवले. आणि मग एकदम इथून टिंग, तिथून टुंग, बफिंगकडून कोंबडा आरवला, पॅकिंगमधून चर्चच्या घंटा वाजल्या. सर मधोमध उभे राहून हात हलवत होते, जणू तेच वाजवताहेत. प्रिंटरवर मात्र मी क्रोशाचं झाकण घातलं होतं.

चहाच्या वेळी फिलोमिनाने त्यांना विचारलं, "आता तुझा पगार कोण देणार?"

"मला पगार कुठे? मी बिल देतो."

"म्हणजे आधी कुठे नोकरीला होता तेव्हा?"

"कधीच नव्हतो," सर बिस्कीट बुडवत म्हणाले. "मला आयुष्यात पगार झालेला नाही."

फिलोमिनाने कप खाली ठेवला. परब मिस्त्री जवळ आले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, तालुक्यातल्या कित्येकांचा पगार काढला, आणि याला एकदाही नाही. ते कुणाला सहनच होईना. फिलोमिना उठून दादांच्या केबिनमध्ये गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "उद्या सकाळी ये. माझ्याकडे पॅकिंगला. एक दिवस."

ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून. दिवसभर बिजागऱ्या आणि स्क्रू पाकिटांत भरत होते, आणि इतक्या आनंदाने भरत होते की कुठल्या पाकिटात काय गेलं याचा पत्ता नव्हता. संध्याकाळी मी जुना कॉम्प्युटर शेवटचा लावला, त्यांच्याच प्रोग्रामवर त्यांचा एका दिवसाचा पगार काढला आणि पाकीट पगाराच्या खिडकीतून दिलं. त्यांनी चिठ्ठी खालून वर वाचली. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"चहाचे पैसे कसे कापले?"

"सर, तुमच्याच प्रोग्रामने कापलेत."

"ते मला माहीत नाही. मी चहा अर्धा घेतला. मालकांना बोलवा."

मागे रांग नसतानाही ते खिडकी अडवून भांडत उभे राहिले. परब मिस्त्री त्यांच्या बाजूने भांडायला आले. दादांनी येऊन अर्ध्या चहाचे पैसे परत दिले तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून आलं की कशाने ते मी विचारलं नाही.

मग मला म्हणाले, "घरी चला. आईला मी सांगून पटणार नाही."

त्यांची आई गिरीजला, केळीच्या वाडीतल्या भाड्याच्या घरात असायची. ऐंशीच्या पुढची, ऐकायला कमी, पण ताठ. मुलगा दिवसभर गावभर फिरतो तो नेमकं करतो काय, हे तिला कधीच समजलं नव्हतं, असं त्यांनी मला स्कूटरवर सांगितलं. तिने पाकीट उघडलं, चिठ्ठी चष्म्याला टेकवून वाचली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "खरंच पगार झाला याचा?"

"हो आजी. मीच काढला."

तिने पाकीट देवापुढे ठेवलं, आमच्या हातावर साखर ठेवली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "लागलास बाबा एकदाचा नोकरीला."

"आई, ते एकाच दिवसाचं," सर म्हणायला लागले. पण ती आत मटकी भिजत घालायला गेली होती. आतून तिचा आवाज आला, "उद्यापासून डबा किती वाजता लागेल?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. बाहेर केळीची पानं वाजत होती.

"साडेसातला," ते मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाळ्याच्या दारात उभे. हातात तीन कप्प्यांचा डबा. दादा आत शिरता शिरता थबकले.

"आईने दिलाय," सर म्हणाले. "तिला वाटतंय मला नोकरी लागली."

दादांनी डब्याकडे बघितलं. "काय आहे आत?"

"मटकीची उसळ."

"मग आत ये. तसाच परत नेलास तर विचारेल ती."

फिलोमिना बाकावर जराशी सरकली.

सर त्यानंतर आमच्याकडे बरीच वर्षं होते. पॅकिंग त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. त्यांनी भरलेली खोकी संध्याकाळी ते गेल्यावर फिलोमिना एकेक करून उघडायची, आणि सगळी पुन्हा भरायची.